गार टाकीचे शास्त्र

घरामागच्या वाडीत बांधलेल्या, न तापवलेल्या टाकीत थंडीच्या दिवसांत पोहणे हा वसईच्या पश्चिम पट्ट्यातला अलीकडचा क्रीडाप्रकार आहे. या खेळाला एक टाकी, एक टॉवेल आणि किमान पाच प्रेक्षक लागतात. पोहणारा ऐच्छिक असतो. नंदाखालमध्ये या खेळाचा हंगाम नाताळच्या आठवड्यात सुरू होतो आणि बहुतेक घरांत त्याच आठवड्यात संपतो.

पूर्वपीठिका

नंदाखाल हे विरारच्या पश्चिमेला, आगाशी, बोळिंज, निर्मळ आणि राजोडी यांच्या सोबतीचे गाव. समुद्र जवळच, मधे केळीच्या, नारळाच्या, फुलांच्या आणि भाजीच्या वाड्या, आणि पोर्तुगीज काळापासून उभे असलेले पवित्र आत्म्याचे चर्च. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच गावचे. या भागाला पाणी नवे नाही. वाडी तिथे विहीर, विहिरीवर कधीकाळी रहाट आणि आता पंप, शिवाय ठिकठिकाणी बावखले, म्हणजे पावसाचे पाणी साठवण्यासाठी पूर्वजांनी खोदलेली मोठी तळी. बावखलातले पाणी जमिनीत मुरायचे, विहिरी भरलेल्या राहायच्या आणि समुद्र इतका जवळ असूनही पाणी गोड राहायचे.

पोहण्याचे शिक्षण याच पाण्यात होत असे. साधने दोन: पाठीला बांधलेला सुका भोपळा किंवा झाकण पक्के बसवलेला पत्र्याचा डबा. शिक्षक एक, बहुधा काका किंवा मोठा भाऊ. अभ्यासक्रम एका ओळीचा होता: पाण्यात पडले की पोहता येते. पडण्याची जबाबदारी शिक्षक स्वतःकडे घेत आणि पोहण्याची विद्यार्थ्यावर सोपवत. वर्गात हजेरी, फी, टोपी, चष्मा आणि क्लोरीन यांपैकी काही नव्हते. थंडीचा तास बुडवण्याची सवलतही नव्हती, कारण विद्यार्थ्याला थंडी वाजत असल्याचे शिक्षकाला मान्य नसे.

पुढे वाड्यांमध्ये बंगले आले. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्याला रिसॉर्टे झाली, शनिवार-रविवारचे पाहुणे वाढले आणि बंगल्याच्या जाहिरातीत ‘स्विमिंग पूल’ ही ओळ घातल्याशिवाय भाडे येईना. रिसॉर्टात टाकी आली तशी हळूहळू घराच्या मागेही आली. निळ्या टाइल्स, स्टीलची शिडी, एका कोपऱ्यात प्लास्टिकचे बदक. टाकी बांधायचे बहुधा मे महिन्यात ठरते. त्या महिन्यात माणूस पाण्याबद्दल काहीही ठरवू शकतो.

ऋतू

थंडीची चाहूल निर्मळच्या यात्रेत लागते. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळच्या तळ्याकाठी शंकराचार्यांच्या समाधिस्थानी यात्रा भरते. राजेळी केळी सुकवून केलेली सुकेळी घेऊन लोक घरी येतात आणि त्या रात्री पंखा एका नंबरने कमी करतात. या पट्ट्यात हिवाळा अधिकृतपणे सुरू झाल्याची ही खूण मानायला हरकत नाही.

पहाटे ईशान्येकडून कोरडा वारा येतो. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान पंधरा-सतराच्या घरात उतरते आणि दुपारी पुन्हा तिशीला टेकते. एवढ्या भांडवलावर थंडी मी मी म्हणू लागते. कानटोप्या निघतात, चौकाचौकांत शेकोट्या पेटतात, आणि ‘यंदा जरा जास्तच आहे’ हे वाक्य दरवर्षी न चुकता उच्चारले जाते. मुंबईत सांताक्रुझच्या वेधशाळेने २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश तापमान नोंदवले होते. तो विक्रम अजून मोडलेला नाही, पण मोडल्याच्या आविर्भावात वागायला त्याची हरकत नसते.

तीन पाणी

जानेवारीच्या पहाटे नंदाखालच्या माणसापुढे पोहण्यासाठी तीन प्रकारचे पाणी असते. त्यांचा तौलनिक अभ्यास उद्बोधक आहे.

पहिले विहिरीचे. जमिनीखाली काही मीटर गेले की ऋतूंचा पत्ता लागत नाही. तिथले तापमान वर्षभराच्या हवेच्या सरासरीजवळ अडून बसते. या किनाऱ्यावर ही सरासरी सत्तावीसच्या आसपास आहे. म्हणून विहिरीचे पाणी मे महिन्यात गार लागते आणि जानेवारीत कोमट. पाणी तेच असते, बाहेर उभ्या माणसाचे तापमान बदललेले असते. कडाक्याच्या पहाटे विहिरीतून वाफा निघताना दिसतात, त्या याच कारणाने. हे पाणी फुकट आहे.

दुसरे समुद्राचे. अरबी समुद्र एवढा मोठा की दोन महिन्यांच्या थंडीने तो फारसा विचलित होत नाही; जानेवारीतही या किनाऱ्याला पाणी चोवीस-पंचवीस अंशांवर राहते. तेही फुकट, पण जायला रिक्षा लागते आणि भरती-ओहोटी विचारावी लागते.

तिसरे टाकीचे. रात्रीचे सोळा आणि दुपारचे तीस यांच्यामध्ये उघड्यावर पडलेले उथळ पाणी बावीस-तेवीसच्या आसपास स्थिरावते. त्यासाठी खोदकाम, गिलावा, टाइल्स, पंप, फिल्टर आणि दरमहा विजेचे बिल एवढा खर्च आलेला असतो. यावरून निघणारा नियम सोपा आहे: नंदाखालमध्ये जानेवारीत पाणी जितके महाग, तितके गार.

टाकी गार का होते

टाकीत पाणी भरले जाते ते बहुधा त्याच वाडीतल्या विहिरीतून. म्हणजे ते येते तेव्हा सत्तावीस अंशांचे असते. पुढच्या दोन-चार रात्रींत टाकी ते चार-पाच अंशांनी उतरवते. तेव्हा शास्त्रीय दृष्ट्या बंगल्यामागची टाकी हे विहिरीतले कोमट पाणी उपसून थंड करण्याचे यंत्र आहे. यंत्राची रचना पुढीलप्रमाणे.

पहिला भाग वारा. पाण्याची वाफ होताना ती उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. कोरड्या वाऱ्यात एका रात्रीत दोन-तीन मिलिमीटर पाणी उडून गेले तर सव्वा मीटर खोल टाकीचे तापमान एक ते दीड अंशाने उतरते. विहिरीला हा धोका कमी, कारण ती खोल असते, तोंड लहान असते आणि वारा आत डोकावून परत जातो.

दुसरा भाग आकाश. थंडीत ढग नसतात, त्यामुळे रात्रभर टाकी आपली उष्णता थेट आभाळाला देत राहते. आभाळ परतफेड करत नाही.

तिसरा भाग बंगला. टाकी घराच्या मागे असते आणि मागची बाजू उत्तरेला आली की प्रश्नच मिटतो. डिसेंबरच्या अखेरीला या अक्षांशावर सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांच्या वर चढत नाही. सात मीटर उंच दुमजली बंगल्याची सावली बाराच्या ठोक्यालाही साडेसहा मीटर लांब पडते. बंगल्याला चिकटून बांधलेली चार मीटर रुंदीची टाकी तिच्यात आरामात मावते. मालकाने टाकी लोकांच्या नजरेपासून लपवलेली असते. त्या ओघात ती सूर्यापासूनही लपते.

पाण्याला तांत्रिक दर्जा कोणता, हाही प्रश्न आहे. जागतिक जलतरण संघटनेच्या नियमांनुसार स्पर्धेच्या तलावाचे पाणी पंचवीस ते अठ्ठावीस अंश असावे लागते. उघड्या समुद्रातल्या शर्यतीला मात्र सोळा अंशांपर्यंत परवानगी आहे. बावीस अंशांची टाकी त्यामुळे तलावाच्या व्याख्येत बसत नाही. नियमाप्रमाणे तो आठ मीटर लांबीचा समुद्र आहे.

उतरण्याच्या पद्धती

टाकीत उतरण्याच्या चार पद्धती प्रचलित आहेत.

सूर किंवा मुटका मारणे ही सर्वांत जुनी पद्धत. विहिरीवर वाढलेली पिढी याच पद्धतीची. गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारला की सगळी थंडी एका क्षणात सोसून होते आणि काठावरच्या पाच जणांनाही तिचा वाटा मिळतो. मात्र टाकी सव्वा मीटर खोल आहे, विहीर नाही, हे हवेत असताना आठवून उपयोग नसतो. सूर तर इथे मारूच नये.

शिडीची पद्धत सभ्य लोकांची. तिचे पाच टप्पे आहेत. घोट्यापर्यंत पाणी आले की माणूस म्हणतो, ‘छान आहे की!’ गुडघ्यापर्यंत आले की बोलणे थांबते. मांडीपर्यंत आले की दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर जातात आणि माणूस टाचा उचलून उभा राहतो, जणू तेवढ्याने पाण्याची पातळी खाली जाणार आहे. चौथा टप्पा बेंबीचा. येथे बहुतेक मोहिमा थांबतात. मांडी आणि बेंबी यांच्यामधल्या वीतभर प्रदेशात माणसाला एक फोन करायचा राहिल्याचे आठवते, गॅसवर काही ठेवले आहे का याची चौकशी करावीशी वाटते, आणि आयुष्यात पोहणे इतके आवश्यक आहे का, हा विचार येतो. बेंबी ओलांडली की पाचवा टप्पा, काख, अटळ असतो.

तिसरी पद्धत शिंपडण्याची. माणूस काठावर बसतो, ओंजळीने पाणी घेतो, आधी हाताला, मग मानेला, मग छातीला लावतो. शरीराला सवय होते, अशी यामागची भूमिका असते. प्रत्यक्षात अंग ओले होते, वारा लागतो आणि माणूस टाकीत न उतरता टाकीपेक्षा जास्त गार होतो.

चौथी पद्धत ढकलले जाण्याची. हिच्यात उतरणाऱ्याला काही करावे लागत नाही. ढकलणारा नेहमी कोरडा असतो आणि शेवटपर्यंत कोरडा राहतो.

शरीरात काय घडते

विश्रांत अवस्थेत, उघड्या अंगाने पाण्यात बसलेल्या माणसाला ना गरम ना थंड वाटण्यासाठी ते पाणी तेहतीस ते पस्तीस अंशांचे असावे लागते. हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने वाहून नेते, म्हणून बावीस अंशांची हवा सुखाची वाटते आणि बावीस अंशांचे पाणी पाहून तोंडचे पाणी पळते.

त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या संवेदकांना पाणी किती गार आहे यापेक्षा ते किती अचानक गार झाले, याची जास्त काळजी असते. पाण्यात पडताच मोठा श्वास आत ओढला जातो, छाती भरभर वरखाली होते, नाडी पळू लागते. हा भर पहिल्या मिनिटात असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. तेवढी मिनिटे काढली की पुढचे पोहणे सुखाचे जाते. म्हणून टाकीतल्या माणसाला काठावरून लगेच काही विचारू नये. तरीही ‘कसं आहे पाणी?’ हा प्रश्न ठरलेला आणि ‘एकदम मस्त! या ना, काका!’ हे उत्तरही ठरलेले. उत्तराचा आवाज नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वर असतो. त्यात पाण्याविषयी माहिती नसते. एकट्याने गारठण्यात अर्थ नाही, एवढेच सांगायचे असते.

पाण्याचा दाब आणि थंडी यांमुळे हातापायांतले रक्त छातीकडे सरकते. अंगात पाणी जास्त झाले आहे, असा शरीराचा समज होतो आणि मूत्रपिंडे जोमाने कामाला लागतात. पाच-दहा मिनिटांत लहान मुलांच्या चेहऱ्यावर जी विलक्षण शांतता पसरते, तिचे कारण हे. शास्त्राच्या दृष्टीने ती क्षम्य आहे. फिल्टरच्या दृष्टीने नाही.

उतरण्यापेक्षा अवघड भाग बाहेर निघण्याचा. ओल्या अंगावरून कोरडा वारा गेला की बाहेरची हवा टाकीपेक्षा गार लागते. ज्याला पाण्यात जाववत नव्हते, तोच माणूस आता पाण्यातून निघायला तयार नसतो. ओठ निळसर होतात, दात वाजतात आणि ‘नाही, मला थंडी नाही वाजत’ हे वाक्य सहा तुकड्यांत बाहेर पडते. थरथरणे ही स्नायूंनी सुरू केलेली उष्णतानिर्मिती आहे, तिला हसू नये. शब्द अडखळू लागले किंवा हालचाल मंदावली तर मात्र चर्चा न करता बाहेर काढावे, अंग कोरडे करावे आणि उबदार कपडे घालावेत.

तुलनेसाठी: पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ साली जगातल्या सात अवघड सागरी खाड्या पोहून पूर्ण केल्या. त्यांतल्या आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या नॉर्थ चॅनलचे पाणी सहसा बारा ते चौदा अंशांचे असते. तिथे काठावर आजी नसते आणि काठही दिसत नाही.

काठावरची मंडळी

या खेळाची खरी रंगत काठावर आहे. आजी शाल घेऊन खुर्चीवर बसलेली असते आणि टाकीत असलेल्या नातवाला ‘कानाला रुमाल बांध’ असे सांगते. बोरिवलीहून आलेली आत्या पाण्यात फक्त पायाचा अंगठा घालते, तो काढते आणि ‘मी संध्याकाळी येते’ म्हणते. कोणती संध्याकाळ ते सांगत नाही. एक जण मोबाइलवर चित्रीकरण करत असतो. तो उतरणार नाही हे सर्वांना माहीत असते आणि म्हणूनच त्याच्याकडे सर्वांचे फोन दिलेले असतात.

नाताळाला टोरांटोहून आलेला भाचा हा या मंडळींचे आशास्थान. उणे वीस अंशांत राहणाऱ्या माणसाला ही थंडी म्हणजे काय, अशी सर्वांची अपेक्षा असते. तो घोट्यापर्यंत उतरतो आणि थांबतो. कॅनडात घरामागच्या टाक्या थंडी सुरू होण्याआधीच ताडपत्री ओढून बंद करतात, त्या थेट मे महिन्याच्या सुमारास उघडतात आणि उघडल्यावर गॅसवर तापवतात, ही माहिती तो तिथे उभ्याउभ्या देतो. थंड देशातला माणूस थंडी सोसणारा नसून थंडीपासून स्वतःला जपणारा असतो, हे काठावरच्यांना त्या दिवशी समजते.

खेळ संपला की खरा खर्च सुरू होतो. पंधरा लिटरचा गीझर, आठ ओली माणसे आणि एक मोरी. मग चहा, केक, करंज्या, पुन्हा चहा. दहा मिनिटांच्या पोहण्याने जेवढी ऊर्जा खर्ची पडते, तिची सव्याज वसुली अर्ध्या तासात होते.

तापवण्याचे प्रयत्न

टाकी तापवून घ्यावी, ही सूचना दरवर्षी कोणीतरी करतो. तिचा हिशेब असा. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल टाकीत ३८,४०० लिटर पाणी मावते. ते पाच अंशांनी तापवायला सुमारे २२३ युनिट वीज लागते. घरातल्या दोन किलोवॅटच्या गीझरने हे काम करायचे ठरवले तर तो अखंड साडेचार दिवसांहून जास्त चालवावा लागेल. म्हणजे गीझर दिवसाला जेमतेम एक अंश चढवणार आणि रात्र तो उतरवणार. हीट पंप एका युनिटमागे चार-पाच युनिटांची उष्णता देतो, पण त्याची किंमत ऐकून गार पाण्याचा दर्जा एकदम सुधारल्यासारखा वाटतो.

सर्वांत स्वस्त उपाय रात्री टाकीवर प्लास्टिकचे आच्छादन ओढण्याचा. वाफ अडली की गारठाही बराचसा अडतो. सकाळी ते आच्छादन, त्यावरचे दव, झावळीचा तुकडा आणि एक बेडूक यांसह गुंडाळायचे कोणी, यावर घरात एकमत होत नाही आणि आठवडाभरात उपाय बंद पडतो.

पाणी दर आठवड्याला बदलण्याचा विचार या भागात करू नये. वसईच्या विहिरींतले पाणी टँकरने उपसून नेण्याविरुद्ध इथे मोठी चळवळ झाली. फादर दिब्रिटो तिच्या आघाडीवर होते. त्यांच्या गावात चाळीस हजार लिटर पाणी गार आहे म्हणून गटारात सोडणे शोभत नाही. सुदैवाने त्याची गरजही नसते. थंडीत शेवाळ सावकाश वाढते आणि क्लोरीन जास्त काळ टिकते. सबंध वर्षात टाकी सर्वांत स्वच्छ आणि नितळ असते ती जानेवारीत, कारण तेव्हा तिच्यात कोणी नसते.

उपयुक्त सूचना

थंडीत पोहायचे असेल तर पहाटे पोहू नये. टाकीचे पाणी सर्वांत गार असते सूर्योदयाच्या सुमारास आणि सर्वांत उबदार दुपारी तीन-चारच्या दरम्यान. पहाटेच्या पोहण्याने माणूस शूर ठरतो, दुपारच्या पोहण्याने त्याचे पोहणे होते. शिडीने उतरावे, पहिली दोन-तीन मिनिटे काठ धरून श्वास स्थिरावू द्यावा, एकट्याने पोहू नये, आणि हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. टॉवेल टाकीच्या काठावर ठेवावा; खोलीत ठेवलेला टॉवेल थंडीत फार लांब असतो.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असे म्हणतात. तोपर्यंत दहावी-बारावीच्या परीक्षा येतात आणि घरात पोहण्याचे नाव काढायची सोय राहत नाही. मे महिन्यात टाकी भरून वाहते, पण तेव्हा दुपारचे पाणी तिशीच्या वर गेलेले असते आणि ‘जरा गार असते तर बरे’ अशी तक्रार सुरू होते. त्या दिवसांतही शेजारची विहीर आपल्या सत्तावीस अंशांवर शांत असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्याला इथे टाइल्स लावलेल्या आहेत.

टाकी बांधायला हरकत नाही. जागा असेल, हौस असेल आणि पाहुणे येत असतील तर खुशाल बांधावी, शक्यतो बंगल्याच्या दक्षिणेला. मात्र विहीर किंवा बावखल बुजवून त्या जागेवर बांधू नये. टाकीत भरायला पाणी तिथूनच आणावे लागते.